सर दोराबजी टाटा : वारसा जपणारा आणि विश्वस्तांकडे सोपवणारा उद्योगपती

भारतीय उद्योगाच्या इतिहासात जमशेटजी टाटा यांचे नाव आद्य प्रवर्तक म्हणून घेतले जाते. मात्र पोलाद, जलविद्युत आणि विज्ञान संशोधन संस्था या त्यांच्या तीन मोठ्या योजनांपैकी एकही त्यांच्या हयातीत पूर्ण होऊ शकली नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा या योजना कागदपत्रे, पाहणी अहवाल आणि सरकारशी चाललेला पत्रव्यवहार यांपुरत्याच मर्यादित होत्या. त्यांना प्रत्यक्ष रूप देण्याची जबाबदारी ज्यांच्या खांद्यावर आली, ते त्यांचे ज्येष्ठ पुत्र म्हणजे सर दोराबजी टाटा. वडिलांकडून आलेला उद्योग वाढवणे आणि स्वतःला अपत्य नसताना तो पुढील काळासाठी सुरक्षित ठेवणे, अशी दोन अवघड कामे त्यांना एकाच आयुष्यात पार पाडावी लागली.

शिक्षण आणि उमेदवारी

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. प्रारंभीचे शिक्षण मुंबईत घेतल्यानंतर ते इंग्लंडला गेले आणि १८७७ मध्ये केंब्रिजच्या कीज महाविद्यालयात दाखल झाले. दोन वर्षांनी ते स्वदेशी परतले आणि १८८२ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाले. वडिलांच्या पेढीत थेट मानाची जागा मिळणे त्यांना अवघड नव्हते. तथापि, त्यांनी सुमारे दोन वर्षे बॉम्बे गॅझेट या वृत्तपत्रात बातमीदारी केली.

१८८४ मध्ये ते टाटांच्या कापड व्यवसायात आले. जमशेटजींनी त्यांना प्रथम पाँडिचेरी येथे नव्या गिरणीची शक्यता अजमावण्यासाठी पाठवले आणि नंतर नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये धाडले. १८७७ मध्ये सुरू झालेली ही गिरणी बेझनजी मेहता यांच्या व्यवस्थापनाखाली नावारूपाला आली होती. मालकाच्या मुलाने गिरणीचा कारभार अनुभवी व्यवस्थापकाच्या हाताखाली शिकावा, ही जमशेटजींची पद्धत होती. १८८७ मध्ये टाटा अँड सन्स ही भागीदारी पेढी स्थापन झाली. तिच्यात जमशेटजी आणि दोराबजी यांच्यासमवेत रतनजी दादाभाई टाटा हे नातलगही भागीदार होते. याच रतनजी दादाभाईंचे पुत्र म्हणजे जे. आर. डी. टाटा.

अपुऱ्या योजनांची पूर्तता

जमशेटजींच्या पश्चात ४४ वर्षांचे दोराबजी पेढीचे प्रमुख झाले. धाकटे बंधू रतन आणि रतनजी दादाभाई यांची त्यांना साथ होती. कापडगिरण्या आणि १९०३ मध्ये सुरू झालेले ताजमहाल हॉटेल सांभाळून राहणे हा सोपा मार्ग होता. दोराबजींनी तो स्वीकारला नाही.

पोलादाच्या कारखान्यासाठी लोहखनिजाचा शोध घेताना भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड यांच्यासमवेत त्यांनी चांदा जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, दुर्गम मुलूख पालथा घातला. तेथे लोखंड होते, परंतु मोठ्या कारखान्याला पुरेल अशी एकूण परिस्थिती नव्हती. शोध थांबवण्याच्या बेतात असताना नागपूरच्या संग्रहालयातील एका भूगर्भीय नकाशाने त्यांचे लक्ष दुर्ग जिल्ह्याकडे वेधले. पुढे भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी सुचवलेल्या मयूरभंज संस्थानातील खनिजसाठे अधिक सोयीचे ठरले आणि कारखान्यासाठी साकची या गावाची निवड झाली.

भांडवलाचा प्रश्न त्याहून बिकट होता. लंडनच्या नाणेबाजारात अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. तेव्हा १९०७ मध्ये दोराबजींनी भारतीय जनतेलाच भागभांडवलासाठी आवाहन केले. स्वदेशी चळवळीचे ते दिवस होते. तीन आठवड्यांत सुमारे ८ हजार भारतीयांनी मिळून सुमारे २ कोटी ३२ लाख रुपयांचे भांडवल उभे केले. कुटुंबाच्या नावाने ओळखला जाणारा हा उद्योग अशा रीतीने आरंभापासूनच हजारो भागधारकांचा झाला. १९१२ मध्ये साकचीच्या कारखान्यातून पहिले पोलाद बाहेर पडले. १९१९ मध्ये या गावाला जमशेदपूर हे नाव देण्यात आले.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी जमशेटजींनी सुमारे ३० लाख रुपये किमतीची मालमत्ता देऊ केली होती. दोन्ही बंधूंनी वडिलांचा शब्द पाळला. १९०९ मध्ये संस्था स्थापन झाली आणि १९११ मध्ये विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. लोणावळा परिसरात साठवलेल्या पाण्यावर खोपोली येथे निर्माण झालेली वीज १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. दरम्यान १९१० मध्ये दोराबजींना सर हा किताब देण्यात आला होता.

विस्ताराची किंमत

या विस्ताराची दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. मुळशी येथील टाटांच्या धरणामुळे मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरण पूर्ण झाले, परंतु विस्थापितांचा प्रश्न मागे राहिला. व्यवसायातही प्रत्येक पाऊल यशस्वी ठरले नाही. १९१७ मध्ये सुरू केलेली टाटा इंडस्ट्रियल बँक १९२३ मध्ये सेंट्रल बँकेत विलीन करावी लागली.

सर्वांत मोठी कसोटी १९२४ मध्ये आली. महायुद्धाच्या काळात हाती घेतलेल्या पोलाद कारखान्याच्या विस्ताराचा खर्च अंदाजाबाहेर गेला होता. युद्धानंतर किमती घसरल्या, परदेशी पोलाद स्वस्तात येऊ लागले आणि १९२३ च्या भूकंपामुळे जपानची महत्त्वाची बाजारपेठही कोसळली. कामगारांचे वेतन देण्यासाठी पैसे नसल्याची तार जमशेदपूरहून मुंबईला आली. कंपनी बंद करण्याचा अथवा सरकारच्या हवाली करण्याचा पर्यायही चर्चेत होता. दोराबजींनी आपली सुमारे १ कोटी रुपयांची वैयक्तिक संपत्ती इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. तीत पत्नी मेहेरबाई यांच्या दागिन्यांचा आणि वजनाने कोहिनूरच्या दुपटीहून अधिक असलेल्या जुबिली हिऱ्याचाही समावेश होता. त्याच वर्षी कायद्याने देशी पोलादाला संरक्षण मिळाले आणि काही वर्षांत कारखाना सावरला. भागीदारी पेढीचे १९१७ मध्येच मर्यादित कंपनीत रूपांतर झाले असताना मालकाने घरची संपत्ती पणाला लावणे कायद्याने बंधनकारक नव्हते. त्यामुळेच या निर्णयाचे महत्त्व मोठे आहे.

उद्योगाबाहेरही दोराबजींचे कार्य उल्लेखनीय होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारे ग्रामीण धावपटू पाहून त्यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय खेळाडू पाठवण्याचा पुढाकार घेतला आणि खर्चाचा मोठा वाटा उचलला. १९२७ मध्ये ते भारतीय ऑलिंपिक संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले.

वारस कोण?

रतन टाटा यांचे १९१८ मध्ये, तर रतनजी दादाभाई यांचे १९२६ मध्ये निधन झाले. दोराबजी आणि रतन या दोन्ही बंधूंना अपत्य नव्हते. १९३१ मध्ये मेहेरबाईंचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले आणि दोराबजी एकाकी झाले.

१९३२ मध्ये त्यांनी दोन निर्णय घेतले. पत्नीच्या स्मरणार्थ त्यांनी रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. तसेच टाटा सन्समधील आपल्या भागांसह जवळजवळ सर्व संपत्ती सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या स्वाधीन केली. या निधीचा विनियोग स्थान, राष्ट्रीयत्व अथवा धर्म असा भेद न करता व्हावा, अशी तरतूद त्यांनी केली. त्यानंतर इंग्लंडमध्ये पत्नीच्या समाधीला भेट देण्यासाठी निघाले असता ३ जून १९३२ रोजी जर्मनीतील बाड किसिंगेन येथे त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील ब्रुकवुड येथे मेहेरबाईंशेजारीच त्यांचा दफनविधी झाला.

या व्यवस्थेमुळे दोन गोष्टी साध्य झाल्या. एक म्हणजे, मालकीची वाटणी होऊन समूह विखुरला नाही. दुसरी म्हणजे, प्रमुखपद हे थेट वारसा हक्कापासून वेगळे झाले. दोराबजींनंतर सर नवरोजी सकलातवाला आणि १९३८ पासून जे. आर. डी. टाटा यांनी समूहाची धुरा सांभाळली. ट्रस्टच्या निधीतून मुंबईत १९३६ मध्ये आजची टाटा समाजविज्ञान संस्था, १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. मूलभूत संशोधन संस्थेचे संस्थापक डॉ. होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे होत.

टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भाग आजही टाटा कुटुंबीयांनी स्थापन केलेल्या सेवाभावी विश्वस्त संस्थांकडे आहेत. त्यातील सर दोराबजी आणि सर रतन यांच्या नावाचे ट्रस्ट सर्वांत मोठे आहेत. विश्वस्तांमध्येही मतभेद होऊ शकतात आणि टाटा समूहालाही त्याचा अनुभव आला आहे. तरीही घरातल्या वाटणीमुळे अनेक उद्योगघराणी दुभंगलेल्या या देशात, वडिलांचा वारसा वाढवून तो विश्वस्तांकडे सोपवण्याचा दोराबजींचा निर्णय नव्वदहून अधिक वर्षे टिकून आहे.