चिमाजी अप्पा आणि उशिरा उडालेला सुरुंग: तोफगोळ्याचा फ्यूज कसा ओळखायचा?

मी राईत राहतो. मागच्या महिन्यात मावसभावाने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. भंगारात मिळालेलं पितळी बूच, खाली आटे, वरच्या कड्यावर बारीक आकडे. फोटो-शोधाने त्याला नळाचा भाग ठरवलं. तो होता जुन्या तोफगोळ्याचा फ्यूज, म्हणजे गोळा कधी फुटणार हे ठरवणारा टायमर. हा टायमर चुकला की काय होतं, ते चिमाजी अप्पांच्या गोष्टीतून पटकन कळतं.

कोण होते अप्पा?

बाळाजी विश्वनाथांचे धाकटे चिरंजीव, थोरल्या बाजीरावांचे भाऊ. १७२८ मध्ये अमझेऱ्याला त्यांनी माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याच्या फौजेचा पराभव केला. १७३६ मध्ये रेवसजवळच्या लढाईत सिद्दी सात मारला गेला. पुढच्या वर्षी पोर्तुगिजांवर मोहीम निघाली. ठाण्याचा किल्ला पडला, साष्टी हाती आली. वसई मात्र राहिली.

कारण वसईला तीन बाजूंनी पाणी. समुद्रातून रसद येत राहिली तर वेढ्याचा उपयोग काय? म्हणून खाडीच्या अलीकडचा, आमच्या राईवरून मोर्वा, डोंगरी करत पुढे लागणारा धारावीचा किल्ला महत्त्वाचा. १७३९ च्या मार्चमध्ये तो मराठ्यांकडे आला आणि खाडीचं तोंड आवळलं गेलं.

मग जमिनीच्या बाजूने तटाखाली सुरुंग खणले. मे महिन्यात बत्ती दिली. काही उडाले, तटाला खिंडार पडलं, माणसं धावली. तेवढ्यात मागे राहिलेला एक सुरुंग उडाला आणि आपलीच कितीतरी माणसं गेली. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड बरोबर, टायमिंग चुकलं. तरी अप्पा मागे हटले नाहीत. त्याच महिन्यात वसई शरण आली आणि पोर्तुगिजांना त्यांनी सन्मानाने बाहेर पडू दिलं. १७४० च्या एप्रिलमध्ये बाजीराव गेले, डिसेंबरमध्ये अप्पाही. वय जेमतेम तेहतीसच्या आसपास.

मग ओळखायचं कसं?

- भरीव गोळा: भोक नाही. नुसता आदळणारा.
- कुलपी गोळा: आत पोकळ, दारू भरलेला, एक भोक असलेला. त्या काळी भोकात लाकडी नळी ठोकत. नळीत हळू जळणारं मिश्रण असे. नळी आखूड कापली की गोळा लवकर फुटे.
- पितळी फ्यूज: एकोणिसाव्या शतकात आटे आले. फिरणाऱ्या कड्यावर आकडे असतील तर तो वेळेचा फ्यूज. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाची खूण, मार्क क्रमांक आणि बऱ्याचदा सालही असतं.
- साधं बूच: आकडे नाहीत, फिरणारं कडं नाही. वाहतुकीत भोक बंद ठेवायला.

सगळ्यात महत्त्वाचं

बूच साधं दिसलं म्हणून गोळा रिकामा असतोच असं नाही. दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. घासू नका, फिरवू नका, ड्रिल तर अजिबात नको. लांबून फोटो काढा आणि ११२ ला फोन करा.

मावसभावाला मी हेच सांगितलं. तो बूच पॉलिश करायला बसला होता. वसईचा तो सुरुंगही माणसं पुढे धावली, तेव्हा विझलेलाच वाटला असेल.