डॉ. होमी भाभा

डॉ. होमी भाभा हे थोर शास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. वडिलांना वाटे, मुलाने इंजिनिअर व्हावे. म्हणून त्यांना इंग्लंडला केंब्रिजला धाडले. पण होमींचा जीव भौतिकशास्त्रात. वडिलांनी अट घातली, आधी इंजिनिअरिंगला पहिला वर्ग आणायचा. त्यांनी तो आणला आणि मग आवडीचा विषय घेतला.

आकाशातून विश्वकिरण येतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. एक जोरदार कण हवेवर आपटला की त्यातून कितीतरी कण होतात. जोंधळ्याच्या एका दाण्यापासून भरलेलं कणीस येतं ना, तसंच. मग त्या कणांचा पाऊस खाली पडतो. हे कसे होते ते भाभा आणि हाइटलर नावाचे जर्मन शास्त्रज्ञ यांनी १९३७ साली गणिताने दाखवले. आता अर्जेंटिना देशात माळावर एरियल लावून या पावसाच्या रेडिओ लहरी पकडतात.

१९३९ साली भाभा सुट्टीला घरी आले आणि तिकडे महायुद्ध पेटले. ते इथेच राहिले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली.

२४ जानेवारी १९६६ रोजी विमान अपघातात ते वारले. पण कणांचा पाऊस अजून आपल्या डोक्यावर रोज पडतो.