हसवणारा माणूस फासावर

१९८५ च्या सुमारास नायजेरियाच्या टीव्हीवर ‘बासी अँड कंपनी’ नावाची विनोदी मालिका तुफान गाजली. लागोसमधला एक कफल्लक तरुण, खिशात दमडी नाही आणि डोक्यात मात्र लक्षाधीश होण्याच्या एकेक भन्नाट युक्त्या. घरमालकीण भाड्यासाठी हात धुऊन मागे लागलेली. हे सारे लिहिणारे केन सारो-विवा म्हणजे सदा पाइप ओढणारे ठेंगणे गृहस्थ. कादंबऱ्या, मालिका, पैसा, सगळे होते. सुखाने म्हातारे झाले असते.

पण ते ओगोनी होते. नायजर नदीच्या मुखाजवळची, शेती आणि मासेमारीवर जगणारी ही जेमतेम पाच लाखांची जमात. १९५८ मध्ये तिच्या जमिनीखाली तेल सापडले आणि शेल कंपनीच्या वाहिन्या शेताशिवारांतून गेल्या. वाहिनी फुटली की तेल खाडीत. वायू तर उघड्यावरच जाळत. काही गावांना काळोखी रात्रच उरली नाही. घरात मात्र ना वीज, ना नळ!

१९९० मध्ये ओगोनींनी हक्कांची सनद काढली. केन यांचा मुद्दा साधा होता : जमीन मारणे म्हणजे माणूस मारणेच. आफ्रिकी देशांच्या १९८१ च्या मानवाधिकार सनदेत चांगल्या पर्यावरणाचा हक्क होताच आणि नायजेरियाने ती आपल्या कायद्यातही घेतली होती. ४ जानेवारी १९९३ रोजी सुमारे तीन लाख ओगोनी हातात हिरव्या डहाळ्या घेऊन रस्त्यावर आले. त्याच वर्षी शेलने तिथले काम थांबवले.

मे १९९४ मध्ये जमावाने चार ओगोनी पुढाऱ्यांना ठार केले. केन तिथे नव्हतेच. तरी चिथावणीचा आरोप त्यांच्यावर आला. खास न्यायासनापुढे खटला, अपिलाची सोय नाही. आफ्रिकी मानवाधिकार आयोगाने शिक्षा थांबवण्यास सांगितले, ते लष्करी सरकारने ऐकले नाही. १० नोव्हेंबर १९९५ रोजी आठ साथीदारांसह केन यांना फाशी झाली. वय ५४.

ओगोनींच्या पर्यावरणाच्या हक्काचा भंग झाला, असा निर्णय त्याच आयोगाने २००१ मध्ये दिला. २००९ मध्ये शेलने कुटुंबीयांशी १.५५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली, दोष न स्वीकारता. २०११ मध्ये राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांना एका गावच्या विहिरींत बेंझिन मर्यादेच्या ९०० पटींहून अधिक आढळले.

जून २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नऊही जणांना माफी आणि राष्ट्रीय सन्मान जाहीर केले. पण माफी गुन्हेगाराला देतात. अनेक ओगोनींची मागणी तो निकालच रद्द करण्याची आहे.