चाल तीच, सेवा दुसरी

भजनाला उभे राहिलो की चाल ओळखीची आणि अभंग निराळा, हे आपणां वारकऱ्यांस नवे नाही. एका चालीवर आपण किती अभंग म्हणतो, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. तरी एखादा चिकित्सक गृहस्थ अधूनमधून विचारतोच, की एकदा वापरलेली चाल पुन्हा देवापुढे म्हणणे म्हणजे शिळा नैवेद्य दाखविणे नव्हे काय? शंका वावगी नाही. तिचा विचार करताना आम्हांस जर्मनी देशातील थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांचे चरित्र आठवले. धर्म निराळा, भाषा निराळी. पण हयातीचा मोठा भाग देवापुढे गाण्याबजावण्यात गेला, म्हणून ते येथे सांगतो.

बाख यांचा जन्म १६८५ साली आयसेनाख गावी झाला. घराणे पिढीजात वाजविणाऱ्यांचे. दहा वर्षे पुरी होण्याआधीच आई गेली, पाठोपाठ वडील गेले. थोरल्या भावाने सांभाळले आणि वाद्य शिकविले. पुढे ऑर्गन हे चर्चमधील मोठे वाद्य वाजविण्यात त्यांनी फार नाव मिळविले. काही वर्षे सरदार-राजांच्या पदरी चाकरी केली. १७२० साली धन्याबरोबर परगावी गेले असता मागे पत्नी वारली. घरी परतले तो तिला मूठमातीही देऊन झाली होती. दुसऱ्या वर्षी त्यांनी एका गायिकेशी लग्न केले. दोन्ही संसार मिळून वीस लेकरे झाली. मोठी झाली ती दहाच.

१७२३ साली ते लायप्झिग शहरी आले. शाळेतल्या मुलांना गाणे शिकवायचे आणि गावातील मुख्य चर्चचे संगीत सांभाळायचे, असे काम होते. पहिली काही वर्षे तर जवळजवळ दर रविवारी नवी रचना! आठवडाभर लिहायचे, प्रती करवून घ्यायच्या, मुलांकडून बसवून घ्यायचे. रविवारी गाणे झाले की सोमवारी पाटी पुन्हा कोरी. त्यात गावच्या कारभाऱ्यांशी खटके उडत. म्हणून १७३३ साली नवा राजा गादीवर आला, तेव्हा त्याच्या दरबारी आपल्याला काही मान मिळावा असे बाखांना वाटू लागले.

त्या साली ५ सप्टेंबरला धाकट्या युवराजाचा अकरावा वाढदिवस आणि ८ डिसेंबरला राणीचा. दोन्ही प्रसंगी बाखांनी मोठी गीते रचली. मेहनत भरपूर, पण वाढदिवस सरला की गाणेही सरले. पुढल्या वर्षी त्या दारी नवेच गाणे लागणार.

बाखांनी काय केले? १७३४ च्या नाताळासाठी सहा दिवसांची संगीतसेवा रचताना त्यांनी ह्याच चाली घेतल्या व शब्द नवे घातले. राणीसाठी वाजलेले नगारे आणि कर्णे आता येशूच्या जन्माचा आनंद गाजवू लागले. नाताळ तर दर वर्षी येणारच!

त्यातील एका अंगाईची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. युवराजाच्या गीतात ग्रीक पुराणातला वीर हर्क्युलिस दोन वाटांच्या फाट्यावर उभा असतो. एक सद्गुणाची, दुसरी भोगाची. तेथे भोगलालसा गोड गळ्याने त्याला निजवू पाहते. म्हणजे अंगाई खरी, पण मोहात पाडणारी. बाखांनी तीच चाल नाताळात गोठ्यातल्या बाळाचा पाळणा म्हणून घेतली. मात्र जशीच्या तशी उचलली नाही. सूर खाली आणला, उंच आवाजाऐवजी खालच्या पट्टीचा आवाज योजला आणि त्याच्या जोडीला बासरी दिली. ऐकणाऱ्याला तिच्यातला मोह आठवतही नाही.

कोणी म्हणेल, यात श्रम वाचविण्याचा भाग होता. होताच! घर भरलेले, शाळा गळ्यात. वाचविले तर बिघडले काय? पण जेथे जुनी चाल बसेना तेथे त्यांनी आळस केला नाही. तिसऱ्या दिवसाच्या भागात, ऐकलेले नवल हृदयात जपून ठेवण्याचे एक गीत आहे. ते त्यांनी नवेच रचले.

शेवटी शेवटी दृष्टी अधू होत चालली. त्या काळात, १७४८-४९ च्या सुमारास, त्यांनी उपासनेची एक फार मोठी संगीतरचना पुरी केली. तिच्यासाठी हयातभराच्या आपल्या कामातील उत्तम ते निवडून घेतले. एकोणतिसाव्या वर्षी, १७१४ साली, रडण्या-कण्हण्याचे एक समूहगीत त्यांनी रचले होते. सुमारे पस्तीस वर्षांनी त्याच सुरांवर येशूला क्रुसावर दिल्याचे शब्द आले. आरंभी थोडे वाजविणे जोडले, शेवट नवा केला. १७५० साली डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया झाली. गुण आला नाही. २८ जुलैला त्यांनी देह ठेवला.

असो. आमच्या शंकेखोर गृहस्थांस एवढेच सांगावेसे वाटते, की चाल जुनी झाली म्हणून शिळी होत नाही. मन न घालता म्हटली, तर कालची नवी चालही शिळीच. बाखांनी जुन्या चालीला प्रत्येक वेळी नव्या शब्दांशी जुळवून घेतले, उणे ते भरून काढले आणि मगच ती देवापुढे ठेवली. तेवढे आपणही केले म्हणजे झाले.