महात्मा जोतीराव फुले आणि खरी सुधारणा

पैठणहून कालव्याने येणारे गोदावरीचे पाणी व सिंदफणेचे पाणी ही दोन्ही आपल्या माजलगावच्या धरणात एकत्र होतात, आणि त्या पाण्यावर कोसच्या कोस ऊस उभा राहतो. तथापि दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी घरांस कुलपे लावून पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, आणि आईबापांबरोबर निघालेल्या कित्येक मुलांची शाळाही तिकडेच सुटते. पाणी आले, रस्ते आले, यंत्रे आली. एवढ्यावरून मनुष्याची सुधारणा झाली असे म्हणावे काय? हा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या एका थोर पुरुषाने तो जन्मभर विचारला. विशेष हे की, ते स्वतः धरणाच्या कामावरील कंत्राटदार होते.

जोतीराव गोविंदराव फुले यांचा जन्म १८२७ साली पुण्यास माळी कुळात झाला. त्यांची आई चिमणाबाई त्यांच्या बालपणीच वारली. मुलास थोडेसे लिहिता-वाचता येताच गोविंदरावांनी लोकांच्या सांगण्यावरून त्यास शाळेतून काढून मळ्यात कामास लाविले. परंतु गफार बेग मुनशी व लिजिटसाहेब या दोन शेजाऱ्यांनी मुलाची बुद्धी ओळखून पित्याचे मन वळविले, आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. एक शेजारी मुसलमान, दुसरा ख्रिस्ती. आणि मुलगा हिंदू माळ्याचा! आपले आयुष्य परक्या धर्माच्या माणसांच्या चांगुलपणावर उभे राहिले, ही गोष्ट जोतीराव विसरले नाहीत.

१८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत ते चालले असता केवळ जातीवरून त्यांचा अपमान झाला. दुसरा एखादा मनात डूख धरून बसला असता. जोतीरावांनी त्याच वर्षी भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली आणि पत्नी सावित्रीबाई यांस स्वतः शिकवून शिक्षिका केले. पुढे अस्पृश्य मानिलेल्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. लोकांच्या दडपणामुळे १८४९ मध्ये पित्याने या दांपत्यास घराबाहेर काढिले, तरी काम थांबले नाही. १८५२ साली सरकारने विश्रामबाग वाड्यात शालजोडी देऊन जोतीरावांचा गौरव केला. १८६३ मध्ये त्यांनी फसलेल्या विधवांच्या प्रसूतीसाठी आपले दार उघडले आणि तेथे जन्मलेला एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास पुढे दत्तक घेतले. १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला. ज्या जातीच्या लोकांनी वरातीत अपमान केला त्याच जातीचे मूल त्यांनी मांडीवर घेतले, यातच त्यांच्या मनाची थोरवी दिसते.

चरितार्थासाठी जोतीराव कंत्राटे घेत. खडकवासल्याचे धरण बांधले जात असता त्यास लागणारी सामग्री त्यांनी पुरविली. म्हणजे ज्यास आपण भौतिक प्रगती म्हणतो ती त्यांनी जवळून पाहिली होती, आणि तिचा त्यांस मुळीच तिटकारा नव्हता. परंतु १८८३ च्या सुमारास लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी दाखविले की, कालव्याची पट्टी कुणब्याकडून चोख वसूल होते, पण त्याच्या शेतास वेळेवर पाणी पोहोचते की नाही हे पाहण्यास कोणी जात नाही. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढेही त्यांनी हेच गाऱ्हाणे विद्येविषयी मांडिले. सारा शेतकरी भरतो आणि उच्च शिक्षण मात्र वरच्या वर्गांच्या वाट्यास जाते; सबब बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. धरण असो वा शाळा, तिचा लाभ शेवटच्या माणसापर्यंत गेला काय, हेच त्यांचे सुधारणा मोजण्याचे माप होते.

१८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच वर्षी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहून तो अमेरिकेत गुलामांस मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केला. साता समुद्रांपलीकडील हबशांचे दुःख आणि येथील शूद्रातिशूद्रांचे दुःख त्यांस एकच वाटले. १८८८ च्या मार्चमध्ये राणीच्या पुत्रासाठी पुण्यात मेजवानी झाली, तेव्हा जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि खरी प्रजा खेड्यांत दारिद्र्यात व अज्ञानात आहे, हे राजपुत्रास सांगून आले. मे महिन्यात मुंबईच्या लोकांनी त्यांस ‘महात्मा’ ही पदवी दिली.

त्याच वर्षी त्यांस पक्षघात होऊन उजवा हात निकामी झाला. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहून ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे: पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, कन्या मुसलमान, पुत्र सत्यधर्मी, आणि सर्वजण एकाच निर्मिकाची लेकरे म्हणून एका घरात प्रेमाने नांदत आहेत. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. ग्रंथ १८९१ मध्ये छापून निघाला.

विद्यार्थीमित्रहो, जग आज धर्माने, जातीने व धनाने दुभंगले आहे. यंत्रे त्यास जोडतील अशी आशा पुष्कळांनी केली. परंतु जोडण्याचे काम अखेर माणसासच करावे लागते. जोतीरावांस शाळेत परत आणण्यास दोन शेजारी पुरले. दिवाळीनंतर आपल्या वर्गात ज्या जागा रिकाम्या पडतात त्या कोणाच्या, हे आपण पाहावे, आणि त्या सोबत्यांची वही मागे राहू देऊ नये. जोतीरावांच्या मापाने आपल्या गावची सुधारणा तेथूनच मोजावयाची आहे.