तेलाचा थेंब अधांतरी तोलणारे मिलिकन

पाटसच्या बाजारीं तराजूनें ज्वारी तोललेली आमच्या वाचकांनीं पाहिली असेलच. दोन्ही पारडीं सारखीं झालीं कीं तोल पुरा होतो. परंतु जी वस्तु पारड्यांत ठेवतां येत नाहीं, डोळ्यांस दिसतहि नाहीं, ती मोजावी कशी? ही किमया साधणारे रॉबर्ट अँड्र्यूज मिलिकन यांची हकीकत आम्ही आज देत आहों.

त्यांचा जन्म २२ मार्च १८६८ रोजीं अमेरिकेंतील मॉरिसन या गांवीं झाला. वडील काँग्रिगेशनल मंडळीचे पाळक होते. नगर व शिरूर भागांत ज्या अमेरिकन मराठी मिशननें काम केलें, तिचें मूळ याच पंथांत. ओबर्लिन येथें शिकून मिलिकन यांनीं १८९५ सालीं कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविली, व पुढील वर्षीं ते शिकागो येथें अध्यापक झाले. पाठ्यपुस्तकें त्यांनीं चांगलीं लिहिलीं. पण चाळिशी आली तरी संशोधक म्हणून त्यांचें नांव फारसें झालें नव्हतें.

कोरड्या केसांतून फिरविलेली फणी कागदाचा कपटा उचलून धरते, हें मुलांसहि ठाऊक आहे. कपट्याचें वजन त्यास खालीं ओढतें, वीज वर ओढते. याच ओढाताणीचा मिलिकन यांनीं तराजू केला. १९०९ सालीं त्यांनीं पितळेच्या दोन सपाट तबकड्या एकीवर एक, सुमारें १६ मिलिमीटर अंतरानें आडव्या बसविल्या. वरच्या तबकडीस बारीक छिद्र ठेवलें. तिच्यावर तेलाचे तुषार उडविले कीं एखादा थेंब छिद्रांतून खालीं उतरे. तुषार उडतांना त्यास थोडी वीज चिकटलेली असे. मग तबकड्यांस हजारों व्होल्टांची बॅटरी जोडीत. विजेची ओढ व थेंबाचें वजन समान झालें कीं तो थेंब दुर्बिणींत चांदणीसारखा अधांतरी स्थिर दिसे. वीज बंद केल्यावर तो किती सावकाश पडतो यावरून त्याचें वजन निघे, आणि वजनावरून विजेचा हिशेब. तो हिशेब नेहमीं एकाच लहान मापाच्या पटींत येई: एकपट, दुप्पट, तिप्पट, दीडपट कधींहि नाहीं. तें माप म्हणजेच एका इलेक्ट्रॉनवरील वीज.

१९१३ सालीं त्यांनीं दिलेला आंकडा आजच्या आंकड्याहून शेंकडा एकापेक्षांहि कमी चुकला. हवेच्या चिकटपणाचें माप त्यांनीं किंचित् चुकीचें धरलें होतें. त्या लेखांत ५८ थेंबांचा हिशेब असून, साठ दिवसांत पाहिलेले सर्व थेंब तेच, असें त्यांनीं लिहिलें. पुढें त्यांच्या वह्या तपासल्या गेल्या, तेव्हां कितीतरी अधिक थेंब पाहिल्याचें दिसून आलें. गाळलेले थेंब मिळविले तरी उत्तर फारसें बदलत नाहीं, हें खरें. पण सर्व हा शब्द तेथें नको होता, असें आम्हांस वाटतें.

१९२३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. १९३९-४० च्या हिवाळ्यांत ते हिंदुस्थानांत आले आणि आग्रा, पेशावर व बंगळूर येथें आकाशांतून येणारे विश्वकिरण मोजण्यासाठीं त्यांनीं व सहकाऱ्यांनीं उंच फुगे सोडले. १९ डिसेंबर १९५३ रोजीं ते मरण पावले.

तेलाच्या प्रयोगांत हार्वे फ्लेचर या त्यांच्या तरुण विद्यार्थ्याचा मोठा हात होता. १९१० सालच्या मुख्य लेखावर मात्र मिलिकन यांचें एकट्याचेंच नांव आलें. फ्लेचर यांच्या वांट्यास दुसरा एक लेख आला, व त्यावर त्यांनीं डॉक्टर पदवी मिळविली. त्यांनीं याचा गवगवा केला नाहीं. १९८१ सालीं ते वारले, व त्यांनीं लिहून ठेवलेली हकीकत पुढल्या वर्षीं छापली गेली. तींत गुरूविषयीं कडवटपणा नाहीं.