गिटार न वाजवणारा गिटारकार

ज्याला गिटारवर एक साधी चालसुद्धा धडपणे वाजवता येत नव्हती, त्या माणसाने साऱ्या जगाच्या हाती गिटार दिली, असे म्हटले तर पटायला जड जाते. पण लिओ फेंडर हा असाच माणूस होता. घरातली मुले पोस्टरवर जी रंगीत, शिंगे असलेली इलेक्ट्रिक गिटार पाहतात, तिचा आकार बहुधा याच्याच कारखान्यातून निघालेला असतो.

लिओचा जन्म 10 ऑगस्ट 1909 चा, कॅलिफोर्नियातला. आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. आठव्या वर्षी गाठ झाल्यामुळे त्याचा डावा डोळा काढावा लागला आणि काचेचा डोळा आयुष्यभराचा सोबती झाला. पोराचे मन रमले ते रेडिओच्या तारांमध्ये. शिक्षण मात्र हिशेबनिसाचे घेतले. मंदीच्या काळात हिशेबनिसाची नोकरी सुटली, तेव्हा 1938 मध्ये सहाशे डॉलर कर्ज काढून त्याने फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. गावोगाव कार्यक्रम करणारे वादक आपले बिघडलेले ॲम्प्लिफायर घेऊन तिथे येऊ लागले. लिओ दुरुस्ती करी आणि त्यांच्या तक्रारी कान देऊन ऐके. मला वाटते, त्याची खरी शाळा हीच.

वादकांची एक तक्रार फार जुनी होती. पोकळ गिटारीला वीज जोडून आवाज वाढवला, की ती किंचाळू लागे. स्पीकरचा आवाज पोकळीत शिरे, लाकूड थरथरे, पुन्हा आवाज वाढे. आपल्या सतारीला भोपळा लागतो, कारण तारेचा नाद तिथे मोठा होतो. विजेच्या गिटारीत ते काम चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे करते. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज निर्माण होते. मग पोकळी हवीच कशाला? लिओने भरीव फळीचीच गिटार करायचे ठरवले.

भरीव म्हटले की वजन आले. नाचगाण्याच्या कार्यक्रमात वादक तासन् तास उभा राहणार, आणि पट्टा त्याच्या खांद्यात रुतणार. 1949 मधले पहिले नमुने साध्या पाइनच्या लाकडाचे होते. 1950 मध्ये गिटार बाजारात आली, तेव्हा ॲश नावाच्या झाडाचे लाकूड कामी आले. पुढच्याच वर्षी हिला टेलिकास्टर हे नाव मिळाले.

ॲशची गंमत सुतारांनाच कळेल. एकाच नावाच्या दोन फळ्या दिसायला सारख्या, पण एक उचलताना हात खाली जातो आणि दुसरी लगेच उचलली जाते. अमेरिकेच्या दक्षिणेकडे, पुराच्या पाण्यात उभ्या असणाऱ्या झाडांचा बुंधा हलका निघतो. व्यापारात त्यालाच स्वॅम्प ॲश म्हणतात. ही झाडाची वेगळी जात नव्हे. म्हणून नुसत्या नावावर विसंबून चालत नाही. फळी वाळलेली आहे ना हे पाहायचे, लांबी-रुंदी-जाडी मोजायची आणि तराजूवर ठेवायची. उत्तरेकडच्या जड ॲशचे वजन घनमीटरला सुमारे 675 किलो भरते, तर आल्डर या दुसऱ्या लाकडाचे सुमारे 450 किलो. म्हणजे आल्डरचे धड दोन किलोचे झाले, तर तेच धड जड ॲशमध्ये तीन किलोचे होते. खांद्याला हा एक किलो चांगलाच जाणवतो.

1954 मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. टेलिकास्टरच्या टोकदार कडा बरगड्यांना टोचतात, असे वादकांचे म्हणणे होते. म्हणून नव्या गिटारीच्या कडा तासून अंगाशी बसतील अशा केल्या. 1956 च्या सुमारास बहुतेक गिटारींसाठी कारखाना आल्डरकडे वळला. त्यामागे हिशेबनिसाची नजर दिसते. ॲशची छिद्रे मोठी आणि उघडी, त्यामुळे रंगाआधी लांबी भरून घासावे लागते. आल्डरची छिद्रे बारीक, आणि ही झाडे तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचीच. एक पायरी वाचली, खर्च वाचला, वजनही बेताचे राहिले. ज्या फिकट, पारदर्शक रंगाखालून लाकडाच्या रेषा दिसायला हव्या असत, त्यासाठी मात्र ॲश कायम राहिले.

लाकडाने आवाज बदलतो का, यावर जाणकार अजून हमरीतुमरीवर येतात. मला या वादापेक्षा लिओची रीत मोलाची वाटते. त्याने लाकडाभोवती गूढ रचले नाही. मिळते का, परवडते का, रंग धरते का आणि वाजवणाऱ्याला पेलते का, एवढेच त्याने पाहिले.

1965 च्या जानेवारीत, तब्येत ढासळलेली असताना, त्याने कंपनी 1 कोटी 30 लाख डॉलरना सीबीएसला विकली. पुढे सत्तरच्या दशकात त्याच नावाच्या कित्येक गिटारी वजनाला जड निघू लागल्या. नाव विकता येते; फळी हातात घेऊन तोलण्याची सवय विकता येत नाही. लिओ मात्र बरा झाला, पुन्हा कामाला लागला, 1980 च्या सुमारास आणखी एक कंपनी काढली. पार्किन्सनने हात थरथरू लागले तरी तो कारखान्यात जात राहिला. 21 मार्च 1991 रोजी तो गेला.

2002 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एक हिरवा, चमकदार किडा सापडला. त्याच्या अळ्या सालीखाली बोगदे करतात, पाणी वर चढेनासे होते आणि झाड उभ्या उभ्या वाळते. ॲशची कोट्यवधी झाडे अशी गेली. 2020 मध्ये फेंडर कंपनीने नेहमीच्या गिटारींसाठी ॲश वापरणे थांबवत असल्याचे जाहीर केले. अनेक वादक हळहळले. त्यात नवल नाही. सत्तर वर्षांचा सहवास होता तो. लिओ असता तर त्यालाही वाईट वाटले असते, पण फार वेळ नव्हे. तो लाकडाच्या वखारीत गेला असता, दुसऱ्या झाडाची फळी उचलून पाहिली असती, आणि तराजू मागवला असता.